फिलाडेल्फिया, एक शनिवार-रविवार: नियोजनाच्या नोंदी

७ सप्टेंबर २०२५, रविवार

तारीख ठरली: २५ आणि २६ ऑक्टोबर. भाऊबीज २३ ला आहे, त्यामुळे दिवाळी आटोपून लगेच निघता येईल. निघायचं एडिसन, न्यू जर्सीहून. माणसं आठ: चार मोठे, भारतातून आलेले दोन ज्येष्ठ, दहा आणि सात वर्षांची दोन मुलं. मुक्काम एकच रात्र.

हाताशी वेळ दीड दिवसाचा आहे, म्हणून हद्द आधीच आखून घेतली. डेलावेअर नदीपासून सातव्या रस्त्यापर्यंतचं जुनं शहर आणि जेवणासाठी बाराव्या रस्त्यावरचं रीडिंग टर्मिनल मार्केट. आर्ट म्युझियम आणि ईस्टर्न स्टेट तुरुंग यादीतून बाद. दोन्ही उत्तम आहेत, पण ती शहराच्या दुसऱ्या अंगाला, फेअरमाउंटकडे. तिथे जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो आणि उरलेल्या दिवसात धड काहीच होत नाही.

रस्त्यांची रचना सगळ्यांना आधीच समजावून ठेवावी, फोन सारखा बघावा लागत नाही. शहराचा संस्थापक विल्यम पेन याच्या १६८२ च्या आराखड्यातली चौकट अजून तशीच आहे. उत्तर-दक्षिण रस्त्यांना आकडे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना बरीचशी झाडांची नावं: चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. पहिला रस्ता नाही, त्याचं नाव फ्रंट. चौदावाही नाही, तो ब्रॉड. घरक्रमांकातले शेवटचे दोन आकडे सोडले की आडवा रस्ता कळतो. चेस्टनटवरचा ५२० म्हणजे पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये. उत्तर की दक्षिण हे मार्केट स्ट्रीटपासून मोजतात, तेवढं पत्त्यात नीट वाचावं. नाहीतर दुसऱ्याच बाजूला पायपीट होते. चालण्याचा हिशोब साधारण १२ ब्लॉकला एक मैल.

१५ सप्टेंबर, सोमवार

वाहतूक. सेप्टाने, म्हणजे शहराच्या बस-रेल्वे सेवेने, २४ ऑगस्टपासून ३२ बसमार्ग बंद केले होते, त्यामुळे हा विषय बाजूला ठेवला होता. कालपासून सेवा पूर्ववत झाली. त्याबरोबर भाडं वाढून एका फेरीला २.९० डॉलर झालं. मेट्रोच्या आणि बसच्या दारात बँकेचं कार्ड किंवा फोन टेकवून चालतो. प्रत्येक मोठ्या माणसाकडे स्वतःचं कार्ड असलेलं बरं, फाटकाशी खोळंबा होत नाही. १२ वर्षांखालील मुलांना मोठ्यांबरोबर भाडं नाही. ज्येष्ठांची सवलत आधी काढलेल्या कार्डावर मिळते, आयत्या वेळी नाही. पाहुण्यांसाठी ती हिशोबात धरायची नाही.

एडिसनहून जायचे तीन मार्ग तपासले.

गाडीने. सुमारे ६० मैल. बेन फ्रँकलिन पुलाचा टोल फक्त फिलाडेल्फियात शिरताना लागतो, परतताना नाही. खरा खर्च पार्किंगचा: आठ माणसांना दोन गाड्या, दोन गाड्यांचं रात्रीचं भाडं, आणि पुढचे दीड दिवस त्या नुसत्या उभ्या. जुन्या शहरात गाडीचा काही उपयोग नाही.

स्वस्त रेल्वे. न्यू जर्सी ट्रान्झिटने ट्रेंटन, तिथे गाडी बदलून सेप्टाची ट्रेंटन लाइन. पैसे सर्वांत कमी लागतात, पण तिकिटं दोन वेगळी. शनिवारी-रविवारी सेप्टाची गाडी साधारण तासाला एक, त्यामुळे पाच मिनिटांनी चुकली तर ट्रेंटनच्या फलाटावर तासभर बसून राहायचं. बॅगा आणि मुलं बरोबर असताना हे नको.

अ‍ॅमट्रॅक. देशव्यापी रेल्वेसेवा. त्यांची न्यूयॉर्क–हॅरिसबर्ग कीस्टोन गाडी एडिसनजवळच्या मेट्रोपार्क स्टेशनला थांबते आणि साधारण तासाभरात ३० व्या रस्त्याच्या स्टेशनवर सोडते. भाडं मागणीनुसार वाढतं, म्हणून सहा आठवडे आधी घेतलेलं चांगलं. २ ते १२ वयाच्या मुलांना निम्मं भाडं, ६५ च्या पुढे १० टक्के सूट. वयं आरक्षण करतानाच भरावी लागतात. हाच मार्ग पक्का.

एक गोष्ट गाठीशी ठेवावी: ३० व्या रस्त्याचं स्टेशन जुन्या शहरात नाही, श्युलकिल नदीच्या पलीकडे आहे. बाहेर पडून समोरच मेट्रोची भूमिगत एल लाइन. पूर्वेकडची गाडी धरायची. अकरावा रस्ता हॉटेलसाठी, पाचवा, स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे मंजूर झाला त्या इंडिपेन्डन्स हॉलसाठी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

हॉटेल अकराव्या-बाराव्या रस्त्याजवळ, मार्केट स्ट्रीटला लागून. नदीकाठच्या ओल्ड सिटीत राहणं चित्रासारखं वाटतं, पण शनिवारी रात्री तिथले बार उशिरापर्यंत चालतात आणि रस्त्याकडेच्या खोल्यांत झोप लागत नाही. ज्येष्ठांसाठी आणखी एक मुद्दा: बाराव्या रस्त्याहून बाजार, चायनाटाउन आणि एल तिन्ही पाच-सात मिनिटांवर, मध्येच दमलं तर परत येता येतं. खोलीचा जाहीर दर बघून बजेट करू नये. वर राज्याचा आणि शहराचा हॉटेल कर मिळून १५ टक्क्यांहून जास्त चढतात.

रविवारी २६ ला दुपारी १ वाजता ईगल्स विरुद्ध न्यूयॉर्क जायंट्स हा अमेरिकन फुटबॉलचा सामना आहे, घरच्या मैदानावर. खोल्या महाग दिसतायत त्या यामुळे. मैदान दक्षिणेला आहे, आपल्या वाटेत येत नाही. पण जायंट्सचे पाठीराखे न्यू जर्सीचे, म्हणजे परतीच्या गाड्या त्यांच्याही त्याच. सामना सव्वाचारच्या सुमारास सुटेल आणि पाचपासून पुढच्या गाड्या भरतील. परतीचं तिकीट अडीचच्या आसपासचं घेतलं.

इंडिपेन्डन्स हॉल: मार्च ते डिसेंबर वेळ ठरलेलं तिकीट लागतं. ते रिक्रिएशन डॉट गव्हवर मिळतं, आरक्षण शुल्क माणशी १ डॉलर. मुलांसकट प्रत्येकाचं वेगळं घ्यावं. शनिवार दुपारी सव्वाची आठ तिकिटं घेतली. सुरक्षा तपासणीची रांग धरून अर्धा तास आधी पोहोचायचं. लिबर्टी बेल, म्हणजे तडा गेलेली प्रसिद्ध घंटा, तिला तिकीट नाही, रांग लावायची.

१ ऑक्टोबर, बुधवार

संघीय सरकारचं कामकाज मध्यरात्रीपासून ठप्प. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, खर्चाची मंजुरी झाली नाही. इंडिपेन्डन्स हॉल आणि लिबर्टी बेल सेंटर बंद. २५ तारखेची तिकिटं हातात आहेत, पण दार उघडेल की नाही हे वॉशिंग्टनवर.

आजच दुसरी बातमी: सेप्टाच्या सिल्व्हरलायनर-४ डब्यांना या वर्षी आगी लागल्या होत्या, म्हणून संघीय रेल्वे प्रशासनाने सगळ्या २२५ डब्यांची तपासणी करायला लावली. तोवर उपनगरी गाड्या आखूड आणि अनियमित. ट्रेंटनचा मार्ग आधीच सोडला होता, आता तो आणीबाणीतही धरायचा नाही. एल लाइनचा या डब्यांशी संबंध नाही आणि अ‍ॅमट्रॅक चालू आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

सहल रद्द करायची का, हा प्रश्न दोघांनी काढला. उत्तर शोधायला ठिकाणांची यादी मालकी आणि कारभारानुसार पुन्हा मांडली. खरं तर पहिल्या दिवशीच अशी मांडायला हवी, कुठल्याही जुन्या शहरासाठी. पर्यटन नकाशावर सगळं एकाच रंगात दिसतं, पण प्रत्येक दाराची किल्ली वेगळ्याच्या कमरेला असते.

इंडिपेन्डन्स हॉल आणि लिबर्टी बेल: मालकी फिलाडेल्फिया शहराची, कारभार संघीय सरकारच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे. हा परिसर ज्यात येतो त्या राष्ट्रीय उद्यानाला काँग्रेसची मान्यता १९४८ ची आणि शहराशी करार १९५० चा. इमारत शहराची असूनही कुलूप वॉशिंग्टनच्या भांडणामुळे लागतं ते असं. शेजारचा काँग्रेस हॉलही याच कारभारात. १७९० ते १८०० शहर राजधानी असताना अमेरिकेची काँग्रेस तिथे भरत होती. आता पैसे मंजूर न करणारीही काँग्रेसच.

म्युझियम ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन, तिसरा आणि चेस्टनट: खासगी ना-नफा संस्थेचं, २०१७ पासून खुलं. चालू.

नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटर, ५२५ आर्च: उद्यानाच्याच हिरवळीच्या टोकाला, पण संस्था वेगळी. बुधवार ते रविवार १० ते ५. चालू.

क्राइस्ट चर्च आणि त्याचं दफनस्थान: चर्चचं. बेट्सी रॉस हाउस (पहिला अमेरिकी ध्वज शिवला असं मानतात त्या बाईंचं घर): शहराचं. एल्फ्रेथ्स अ‍ॅली ही जुनी गल्ली: रहिवाशांची. कारपेंटर्स हॉल: सुतारांच्या कारपेंटर्स कंपनीचं, जी १७२४ ची आहे. वसाहतींच्या प्रतिनिधींची १७७४ ची पहिली कॉन्टिनेंटल काँग्रेस तिथे भरली. आत जाता येईल असं गृहीत धरलेलं नाही, बाहेरून बघायचं.

थोडक्यात, बंद दारं मोजकीच आहेत. फक्त सगळ्यांत प्रसिद्ध तीच आहेत. सहल रद्द नाही.

बंद असतानाही घंटा दिसते. लिबर्टी बेल सेंटरच्या दक्षिण टोकाला, सहाव्या आणि चेस्टनटच्या कोपऱ्याकडे, मोठी काच आहे. घंटा त्या काचेच्या अगदी आत टांगलेली आहे. दुपारी काचेवर प्रतिबिंब पडतं. हाताची ओंजळ करून, नाक लावून बघावं. मुलांना काय दाखवायचं ते इथेच लिहून ठेवतो, कारण आतले रेंजर, म्हणजे उद्यानाचे मार्गदर्शक, नसतील. लंडनच्या व्हाइटचॅपल कारखान्यातून मागवलेली पहिली घंटा इथे आल्यावर वाजवून बघतानाच फुटली. पास आणि स्टो या स्थानिक ओतकामगारांनी १७५३ मध्ये ती दोनदा वितळवून ओतली. वजन २,०८० पौंड, म्हणजे सुमारे ९४३ किलो. जी रुंद भेग सगळे बघतात ती मुळात दुरुस्ती आहे. १८४६ मध्ये बारीक तडा मुद्दाम कोरून रुंद केला, दोन्ही कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून. तिच्या वरच्या टोकापासून दुसरा केसासारखा तडा गेला आणि घंटा कायमची मुकी झाली. तो वरचा तडा शोधायला सांगितलं की मुलं पाच मिनिटं काचेपासून हलत नाहीत.

सव्वाच्या वेळेवर आता रेव्होल्यूशन म्युझियम. तिथलं तिकीट लागोपाठच्या दोन दिवसांसाठी चालतं. हे आपल्याला फार सोयीचं: ज्येष्ठ दमले तर उरलेलं रविवारी. जॉर्ज वॉशिंग्टनच्या युद्धातल्या तंबूचा कार्यक्रम ठरावीक वेळांनी होतो. आत शिरल्याबरोबर पुढची वेळ विचारून घ्यावी आणि बाकीचं बघणं त्याभोवती बसवावं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मराठी पाहुणे फिलाडेल्फियाला आले की आनंदीबाई जोशींचं नाव निघतंच. योगायोग असा की त्यांचा तो प्रसिद्ध फोटो, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली यांच्यासोबतचा, १० ऑक्टोबर १८८५ चा आहे. बरोबर १४० वर्षं.

पण बघायला काय आहे हे आधी स्पष्ट करणं बरं. विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया, स्थापना १८५०. आनंदीबाई १८८३ मध्ये दाखल झाल्या, ११ मार्च १८८६ ला पदवी घेतली, समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्या काळचं कॉलेज नॉर्थ कॉलेज अ‍ॅव्हेन्यूवर, गिरार्ड कॉलेजच्या भिंतीजवळ होतं. १९३० मध्ये ते ईस्ट फॉल्सला गेलं, पुढे विलीनीकरणं होत होत ड्रेक्सेल विद्यापीठात मिसळलं. आनंदीबाईंशी संबंधित कागद आणि फोटो ड्रेक्सेलच्या अभिलेखागारात आहेत. तिथे कामाच्या दिवशी, आधी वेळ ठरवून जायचं असतं. शनिवार-रविवारच्या सहलीत बसत नाही. बरंच साहित्य त्यांनी डिजिटल करून ठेवलंय, ते आदल्या आठवड्यात घरीच मोठ्या पडद्यावर दाखवायचं.

दोन गैरसमज नेहमी होतात. त्यांची समाधी फिलाडेल्फियात नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात निधन झाल्यावर अस्थी त्यांच्या अमेरिकन यजमान थिओडोशिया कारपेंटर यांच्याकडे आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. आणि अमेरिकेत आल्यावर आनंदीबाई आधी राहिल्या ते कारपेंटरांचं गाव रोझेल, ते तर न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळच. या सहलीला जोडून काहीच साधत नाही. पकीप्सीचा दिवस वेगळा काढायचा, ठरलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सरकार अजून बंद. २५ पर्यंत उघडेल या आशेवर काही ठेवलेलं नाही.

रेव्होल्यूशन म्युझियममध्ये आजपासून स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या जगभरच्या प्रवासावर मोठं प्रदर्शन सुरू झालं. पुढच्या वर्षीच्या २५० व्या वर्धापनदिनाची ही तयारी. इंडिपेन्डन्स हॉलचा अर्धा तास गेला, त्याची भरपाई इथे होते. खरं सांगायचं तर हॉलच्या आत त्या गर्दीत जेवढं समजतं, त्याहून जास्तच.

जेवण. रीडिंग टर्मिनल मार्केट शनिवारीच करायचं. लँकेस्टरकडच्या आमिश, म्हणजे जुन्या पद्धतीने जगणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, लोकांचे गाळे रविवारी बंद असतात आणि बाजाराची अर्धी मजा त्यांच्यात आहे: डोनट, प्रेट्झेल, न्याहारी. बाजार १८९३ चा, वरच्या रेल्वे शेडखाली. बॅसेट्सचं आइसक्रीम १८६१ पासूनचं आणि बाजार उघडला तेव्हापासून तिथेच. साडेअकराच्या आत शिरावं. बारा ते दोन बसायला जागा मिळत नाही. आठ जणांनी एकत्र टेबल शोधू नये; दोघांनी जागा धरायची, बाकीच्यांनी आळीपाळीने आणायचं.

शाकाहारी मंडळींसाठी: प्रेट्झेलवर लोणी असतं, ते चालतं. डोनट कशात तळलेत आणि पायच्या पारीत डुकराची चरबी आहे का, हे गाळ्यावरच विचारावं. चीजस्टेक म्हणजे गोमांस. चिकनचाही मिळतो, पण बहुतेक ठिकाणी त्याच तव्यावर, त्याच उलथन्याने. ज्यांना याचा त्रास आहे त्यांनी 'चिकनचं घेतलं' म्हणून निश्चिंत राहू नये. रात्रीचं जेवण चायनाटाउनमध्ये, दहावा आणि रेस. तिथे पूर्ण शाकाहारी चिनी जेवण मिळतं आणि हॉटेलवर चालत परतता येतं.

शीतपेयांवर शहराचा औंसाला दीड सेंट वेगळा कर आहे. दोन लिटरच्या बाटलीला सुमारे एक डॉलर. घरून पाण्याच्या बाटल्या भरून न्याव्या.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

कुलूप कायम. अंतिम वेळापत्रक:

शनिवारी सकाळची कीस्टोन, दहाच्या आसपास उतरायचं. एलने अकरावा रस्ता, बॅगा हॉटेलच्या काउंटरवर. अकरा वाजता बाजार. साडेबाराला मार्केट स्ट्रीटने पूर्वेकडे चालत. सहाव्या रस्त्याला प्रेसिडेंट्स हाउसची जागा लागते. राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टन इथे राहत होते आणि त्यांच्या घरात गुलामगिरीतली नऊ माणसं होती. ओना जज त्यांपैकीच, १७९६ मध्ये ती इथून निसटली. जागा उघडी, रस्त्यावरून दिसते. मग घंटेची काच, समोर चेस्टनटवरून इंडिपेन्डन्स हॉलचा दर्शनी भाग. सव्वा ते साडेचार म्युझियम. सूर्यास्त सहा वाजून पाच-सात मिनिटांनी, म्हणजे बाहेर पडल्यावर दीड तास उजेड. कारपेंटर्स हॉल आणि वॉशिंग्टन स्क्वेअर त्यात होतात.

रविवारी नऊला एल्फ्रेथ्स अ‍ॅली, दुसरा आणि फ्रंट यांच्यामध्ये. ३२ घरं, आणि त्यांत माणसं राहतात. पायऱ्यांवर बसू नये, खिडकीतून डोकावू नये. दगडी फरसबंदी ओबडधोबड आहे, ज्येष्ठांनी कडेच्या विटांच्या पदपथानेच चालावं. तिथे विटाही झाडांच्या मुळांनी उचललेल्या असतात, म्हणून बूट, चपला नाहीत. क्राइस्ट चर्चमध्ये सकाळी प्रार्थना असते, पर्यटक म्हणून आत शिरायचं नाही. बेंजामिन फ्रँकलिनची कबर पाचव्या आणि आर्चच्या कोपऱ्यावर आहे. १८५८ मध्ये भिंत तोडून लोखंडी गज बसवले, त्यातून पदपथावरूनच दिसते. लोक तिच्यावर पेनी टाकतात. मुलांच्या खिशात दोन-दोन ठेवायच्या.

साडेदहाला कॉन्स्टिट्यूशन सेंटर, दीड तास. साइनर्स हॉलमध्ये ४२ पुतळे, माणसाच्या उंचीचे. ३९ राज्यघटनेवर सह्या करणाऱ्यांचे, तिघं सही नाकारणारे. ते तिघं ओळखा, हा मुलांसाठी खेळ. साडेबाराला जेवण, दीडला हॉटेल, बॅगा, एल. दोनच्या आत स्टेशन.

स्वच्छतागृह: उद्यानाची बंद धरून चालायचं. दोन्ही संग्रहालयं, बाजार आणि हॉटेल, एवढ्यांवर भागवायचं. रविवारी नऊ ते साडेदहा काहीच नाही, हॉटेलातून निघतानाच सांगायचं. सकाळी ८-९ अंश सेल्सिअस, दुपारी १६-१७, नदीकडून वारा. कानटोप्या ज्येष्ठांच्या वरच्या पिशवीत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल रात्री सरकार सुरू झालं, ४३ दिवसांनी. हॉलच्या आत जायचं राहिलंय त्यांच्यासाठी पुरवणी.

जानेवारी-फेब्रुवारीत इंडिपेन्डन्स हॉलला तिकीट लागत नाही. येईल त्याला रांगेप्रमाणे प्रवेश, आणि थंडीमुळे रांगही छोटी. पण आत्ताची खर्चमंजुरी बहुतेक खात्यांसाठी ३० जानेवारी २०२६ पर्यंतचीच आहे. म्हणून महिनाअखेर धरू नये. १७ ते १९ मार्टिन लूथर किंग दिनाची जोडसुट्टी, गर्दी. १० जानेवारीचा शनिवार सुचवला आहे: सकाळी जाऊन संध्याकाळी परत, मुक्काम नाही, कीस्टोनची तिकिटं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पाहुणे १५ जानेवारीला पुण्याला परतायच्या आत बसतं.